ठिणगीचा माफीनामा

१

ठिणगीनं माफी मागितली हे वाचून कानसेनला आधी हसूच आलं. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचल्याबद्दल जिनं सासूची माफी मागितली नव्हती, ती बाई एका सकाळी उठून अख्ख्या जगापुढं नाक घासेल हे पटण्यासारखं नव्हतं. पण मजकूर समोर होता, तिच्याच नावानं होता, आणि खाली प्रतिक्रियांचा नुसता पूर लोटला होता.

'कापून उरलेलं' हा त्यांचा ब्लॉग. माहितीपट करणारी चार माणसं मिळून तो चालवत. मागं निर्माता नाही, पुढं नटनट्या नाहीत. जमेल तसं काम करायचं आणि चित्रपटात जे बसलं नाही ते ब्लॉगवर लिहायचं: कुणी तोंडावर दार कसं आपटलं, कॅमेरा ऐन वेळी कसा रुसला, जीव तोडून टिपलेलं दृश्य शेवटी का कापावं लागलं. गावोगावचे त्यांच्यासारखेच एकांडे शिलेदार ते वाचत आणि आपली रडगाणी खाली जोडत. ठिणगी दिग्दर्शक, कॅमेराही तीच धरायची. कात्र्या संकलक. मास्तरांनी या सगळ्यांना हे काम शिकवलं. आणि कानसेन आवाजाचं बघायची. पन्नाशीची, एकटी राहणारी, तोंडानं कमी आणि कानानं जास्त जगणारी बाई. समोरच्याच्या पोटात गुरगुरलं तरी हिच्या हेडफोनला कळतं, असं कात्र्या म्हणायचा.

ठिणगीचा नवा माहितीपट एका कोल्ड स्टोरेजच्या आगीवर होता. फळं निवडणाऱ्या बायका आत अडकून मेल्या. मालकाचं म्हणणं, दार उघडंच होतं, बायकाच घाबरल्या आणि वाट चुकल्या. ठिणगीच्या चित्रपटात तिथला वॉचमन कॅमेऱ्याकडं बघून सांगतो की दाराला बाहेरून कुलूप होतं, मालकाच्या हुकमानं होतं, आणि ते आपण स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्या एका वाक्यावर चौकशी नव्यानं उघडायची होती. रविवारी पहिला खेळ होता.

आणि आता ब्लॉगवर हे: 'तर मी चित्रपट मागं घेतेय. वॉचमनकाकांच्या तोंडचं वाक्य माझं आहे. मला शेवट हवा होता. खोलीतला पंखा थांबला. सगळं गप्प झालं. मी मानेनं खूण केली आणि त्यांनी पढवलेलं म्हटलं. ज्यांना फसवलं त्यांची माफी मागते.'

भाषा अस्सल ठिणगीची. तीच तुटक वाक्यं, 'तर'नं सुरुवात करायची तीच खोड.

फोन वाजला. "ते मी लिहिलेलं नाही," ठिणगी म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

लोकांच्या आवाजातलं खोटं कानसेनला ऐकू येतं अशी तिची ख्याती होती. या वेळी मात्र कानाला कष्ट द्यायची गरजच पडली नाही. मधलं एक वाक्य तिनं पुन्हा वाचलं होतं. चित्रीकरणाच्या दिवशी त्या खोलीत तिघंच होती: ठिणगी, वॉचमनकाका आणि ती स्वतः. आणि त्या खोलीत पंखा नव्हता. पंखाच काय, वीजसुद्धा नव्हती.

२

ठिणगीच्या झोपायच्या खोलीतच तिचं ऑफिस होतं. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, त्याला खेटून संगणकाचं टेबल. कानसेन पोचली तेव्हा ठिणगीची मुलगी पलंगाखाली खेळत होती, नवरा दारात उभा राहून फोनवर कुणाला तरी "हो, बघतो" म्हणत होता, आणि ठिणगी खुर्चीत मांडी घालून पडद्याकडं बघत बसली होती.

मालकाच्या वकिलानं तो मजकूर सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवला होता. हॉलचा व्यवस्थापक विचारत होता, खेळ रद्द समजायचा का. ठिणगीला या सगळ्यापेक्षा झोंबली ती शाबासकी. चूक कबूल करायला धाडस लागतं, असं कितीतरी भल्या माणसांनी तिला लिहिलं होतं. मी हे लिहिलंच नाही, असं उत्तर दिलं की तीच माणसं म्हणत, आता दबाव आलेला दिसतोय.

ती मजकूर पुसायला निघाली होती. कानसेननं तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. चोरानं मागं ठेवलेलं पाऊल आहे ते."

ब्लॉगचा पासवर्ड म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली घराची किल्ली. चौघांना माहीत, आणि साइटची देखभाल करणाऱ्या ठिणगीच्या नवऱ्याला. म्हणजे चोर घरातलाच. कानसेननं स्वतःलाही त्यात धरायला सांगितलं. ठिणगीनं ते उडवून लावलं. "तू असतीस तर पंखा घातला नसतास," ती म्हणाली.

म्हणजे तिलाही ते वाक्य खटकलं होतं. त्या दिवसाबद्दल ब्लॉगवर एक अक्षरही नव्हतं. नोकरी सोडल्यावर वॉचमनकाका एका नातेवाइकाच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहायला गेले होते, आणि आपण कुठं राहतो हे मालकाला कळता कामा नये, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. म्हणून सगळ्या गोष्टींवर लिहिणारी ठिणगी त्या खोलीबद्दल मात्र गप्प होती. त्यात पंखा आहे की झुंबर, हे वाचून कुणाला कळणार नव्हतं.

"वाचून नाही. ऐकून," ठिणगी म्हणाली. "पंखा कात्र्याचा आहे."

आणि तिनं जे सांगितलं ते कानसेनच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं, कारण तेव्हा ती दुसऱ्या कामावर बाहेरगावी होती. चित्रपटाच्या पहिल्या कटमध्ये, म्हणजे कच्च्या जोडणीत, काकांच्या मुलाखतीत दोन ठिकाणी आवाजाचा सांधा नीट बसत नव्हता. कात्र्यानं तो झाकायला खाली पंख्याची घरघर टाकली आणि कबुलीच्या आधी ती थांबवली, वाक्य उठून दिसावं म्हणून. ठिणगीनं ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या खोलीत वीज नाही तिथं पंखा फिरतो, मग उद्या मालकानं आपल्याला खोटं म्हटलं तर काय उत्तर देणार? पंखा काढला. कात्र्यानं काम सोडलं. जाताना त्यानं दार असं आपटलं की मुलगी रडायला लागली.

"आणि हा," ठिणगीनं नवऱ्याकडं हनुवटी केली, "आम्ही एवढे भांडतोय, यानं तो कट अख्खा बघितलेला, आणि मधेच येऊन विचारतो, कसला पंखा?"

 फोन खिशात घालून नवरा बाहेर निघून गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते शरमेसारखं दिसत होतं.

३

ठिणगीला तडक कात्र्याचं बखोट धरायचं होतं. पण हात घालण्याआधी मास्तरांचा सल्ला घ्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. म्हणून दोघी आधी तिकडं गेल्या.

मास्तर दोन खोल्यांत एकटे राहत. आयुष्यभर त्यांनी काढलेले माहितीपट, आता बंद पडलेल्या गिरण्यांतले कामगार, उठवलेल्या वस्त्या, हे सगळं जुन्या रिळांवर होतं, आणि ती रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत भिंतीला लावून ठेवलेली असत. फिल्म म्हातारी झाली की कुजते, आणि कुजताना तिला व्हिनेगरचा आंबट वास सुटतो. मास्तरांकडून आलं की कपडे वाळत घालावे लागतात, हा या मंडळींतला जुना विनोद होता.

त्या दिवशी कानसेननं आत पाऊल टाकलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोळे चुरचुरले नाहीत. फडताळं रिकामी होती आणि भिंतीवर डब्यांच्या मागचा रंग गोल गोल, उजळ दिसत होता. तिनं विचारलं तसं मास्तर म्हणाले, घराला रंग काढायचाय, डबे बहिणीकडं पोचवलेत.

मास्तरांनी चहा केला. ठिणगीच्या पाठीवरून हात फिरवला. झालं ते वाईट झालं म्हणाले, पण हे कुणी केलं याच्या मागं लागू नका असंही म्हणाले. घरातलीच माणसं, उगाच एकमेकांवर संशय नको. त्यापेक्षा रविवारचा खेळ रद्द करा, थोडं थंड होऊ द्या. वर्षभरानं लोक माफीही विसरतील आणि रागही, मग दाखवा.

"सत्याला घाई नसते, पोरी," ते म्हणाले.

ठिणगी उठली. "सत्याला नसेल, मास्तर. त्या बायकांच्या घरच्यांना आहे."

जिन्यात कानसेन तिच्या मागून उतरत होती. मास्तरांनी दोघींना जवळ बसवून एवढं समजावलं, पण मजकूर ठिणगीनंच लिहिला का, एवढा एक प्रश्न मात्र त्यांनी विचारला नव्हता.

४

कात्र्या आता जाहिरातींच्या स्टुडिओत होता. कानसेन एकटीच गेली, कारण ठिणगी बरोबर असती तर बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं. काळ्या काचेच्या खोलीत बसून तो पडद्यावर एका साबणाचा फेस सावकाश हलवत होता.

त्यानं काहीच लपवलं नाही. पंखा आपलाच, आणि चांगला जमला होता, असं त्यानं ठणकावून सांगितलं. ठिणगीनं चारचौघांत अक्कल काढली ते अजून सलतं, हेही सांगितलं. ब्लॉगवरचा मजकूर वाचून पहिल्या क्षणाला बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

कानसेननं विचारलं, पंखा तुझा, पासवर्ड तुझ्याकडं, राग तुझा. मी दुसऱ्या कुणाकडं का बघू?

कात्र्यानं खुर्ची वळवली. "मला तिला खोटं पाडायचं असतं तर माझ्याकडं खरं होतं की. त्या अख्ख्या चित्रपटात खोटी गोष्ट एकच, माझा पंखा. तो जुना कट पुढं ठेवून मी लिहिलं असतं, या बाईच्या चित्रपटात नसलेला पंखा फिरतोय. काम झालं असतं. हा माफी लिहिणारा काय करतो? जे खरं आहे त्याला खोटं म्हणतो, आणि जे खोटं आहे त्याच्यावर हात ठेवून शपथ घेतो."

 मुद्दा बिनतोड होता. जो त्या खोलीत गेला होता त्याला पंखा नाही हे माहीत होतं. ज्यानं पंखा टाकला त्यालाही माहीत होतं. पंखा खरा वाटला तो अशाच माणसाला, ज्यानं खोली कधी पाहिली नाही, संकलन केलं नाही, नुसता तो पहिला कट ऐकला आणि त्यावर विश्वास ठेवला.

तो कट किती जणांकडं गेला होता?

दोघांकडं, कात्र्या म्हणाला. ठिणगी तेव्हा तापानं पडली होती, तिनं स्वतः तो ऐकायच्या आत आपणच अभिप्रायासाठी दिला. एक प्रत मास्तरांना. दुसरी तिच्या नवऱ्याला.

५

नवरा मुलीला घेऊन घराजवळच्या बागेत बसला होता. तो स्वभावानं मऊ होता. भांडण दिसलं की भांडी घासायला घेणाऱ्यातला. कानसेन शेजारी बसली. तिनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला की तुझा संशय बरोबर आहे, हा चित्रपट थांबावा असं मला वाटत होतं. वकिलाची धमकी आल्यापासून त्याला झोप नव्हती. एकदा तर सगळं चित्रीकरण पुसून टाकावं असं मनात आलं होतं.

"मग पुसलं का नाहीस?"

त्यानं मुलीकडं बघितलं. ठिणगी तापात झोपली होती तेव्हा त्यानं तो कट बघितला. मुलगी मांडीवर नुकतीच डोळा लागून पडली होती, म्हणून त्यानं आवाज पूर्ण बंद ठेवला. काका पुटपुटत बोलतात, त्यामुळं त्यांचे शब्द पडद्यावर खाली अक्षरांत येतात. तेवढं वाचत त्यानं सगळा चित्रपट बघितला. शेवटी काकांचे ओठ हलले, खाली ते कुलपाचं वाक्य आलं, आणि त्याला रडू फुटलं. त्या दिवशी ठरवलं, बायकोला अडवायचं नाही. मात्र चित्रपट मुका बघितला हे सांगायची हिंमत झाली नाही. "तिला राग आला असता. आणि तुला तर सांगायची सोयच नव्हती."

कानसेनला हसू आवरलं नाही. पंख्यावरून घर डोक्यावर घेतलेलं असताना या माणसानं "कसला पंखा?" असं का विचारलं, ते आता कळलं. त्यानं ऐकलाच नव्हता. अक्षरांतल्या शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका मात्र त्यानं तेव्हा दाखवून दिल्या होत्या.

पाचांतले चार गेले. उरलेल्या एका नावाला तिचं मन हात लावायला धजत नव्हतं. नुसता कट ऐकला एवढ्यावरून मास्तरांवर बोट रोखायचं? आणि का? मालकाच्या पैशाला भुलणारा हा माणूस नव्हता.

ती नवऱ्याबरोबर घरी परतली तेव्हा वॉचमनकाका आलेले होते. ठिणगीनं त्यांना येऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी आले होते. लोक म्हणतात मला बाईनं पढवलं, म्हणून तोंड दाखवायला आलो, असं ते म्हणाले. रविवारी पहिल्या रांगेत बसणार. आता लपून राहण्यात अर्थ नाही. मग पाणी पिता पिता त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. मालकाच्या दुसऱ्या गोदामावर त्यांचा जुना सोबती अजून पहाऱ्याला आहे. तो म्हणत होता की हल्ली तिथली एक थंड खोली सफरचंदं काढून रिकामी केलीय आणि तिच्यात पत्र्याचे गोल गोल डबे आणून ठेवलेत. त्यात काय आहे, कुणालाच कळत नाही.

कानसेननं हातातला कप खाली ठेवला. कुजणारी फिल्म वाचवायला एकच गोष्ट लागते. थंडी.

६

मास्तरांनी दार उघडलं, दोघींचे चेहरे बघितले आणि चहाचं विचारलं नाही.

कानसेन उभ्यानंच बोलली. पंख्याचं सांगितलं. तो कुणाला खरा वाटू शकतो ते सांगितलं. ठिणगीचा नवरा यातून का सुटतो ते सांगितलं. मग रिकाम्या फडताळांकडं हात केला. जो माणूस रिळांचे डबे घटकाभर उन्हात ठेवू देत नव्हता, तो ते बहिणीच्या पत्र्याच्या घरात पाठवणार नाही. बहिणीला तिनं सकाळी फोन केला होता. तिच्याकडं एकही डबा आला नव्हता. मालकाच्या थंड खोलीत मात्र गोल डबे येऊन पडले होते.

मास्तर खाली बसले. "तू फार ऐकतेस," ते म्हणाले. मग विचारलं, "तिथं पंखा नव्हता?"

"वीजच नव्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मालक स्वतः घरी आला होता. धमकी नाही, पैशाचं नाव नाही. गोड बोलला. मास्तरांचे जुने माहितीपट त्यानं लहानपणी बघितले होते म्हणे. ही रिळं आमच्याकडं ठेवा, हवी तेवढी वर्षं ठेवा, म्हणाला. आणि जाता जाता तुमच्या शिष्येला जरा समजवा, एवढंच. मास्तरांनी महिनोन्महिने कितीतरी दारं ठोठावली होती. संग्रहालयं, संस्था, सगळ्यांनी हात वर केले होते. रोज एखादा डबा उघडला की आत फिल्मचा चिकट गोळा झालेला दिसे.

"मेलेली माणसं आहेत त्यात," ते म्हणाले. "त्यांचं दुसरं काहीही कुठंही उरलेलं नाही. तुझा एक चित्रपट पुढं ढकलला गेला असता. माझी माणसं परत येणार नव्हती."

"त्या कोल्ड स्टोरेजमधल्या येणार आहेत?" कानसेननं विचारलं. तिचा आवाज चढला होता. चार शब्द आणखी तोंडावर आले होते, पण ठिणगीनं तिच्या दंडाला हात लावला.

 ठिणगी ओरडेल, काहीतरी फेकेल, असं कानसेनला वाटत होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, की माझी भाषा कुठून आणलीत?

"मीच शिकवली ना," मास्तर म्हणाले.

 मग तेच पुढं बोलले. मी हे जगापुढं कबूल केलं तर त्याच दिवशी मालक डबे रस्त्यावर फेकेल. एका पारड्यात तुझा एक चित्रपट, दुसऱ्यात माझं सगळं आयुष्य. तूच सांग कुठलं वाचवायचं.

ठिणगी दाराकडं वळली. "हे पारडं मालकानं टांगलंय, मास्तर. मी त्यात काही घालत नाही," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

७

ठिणगीनं तो माफीनामा पुसला नाही. त्याच्यावर तिनं नवा मजकूर टाकला. हे माझं लिखाण नाही, आणि का नाही ते ऐका, असं म्हणून तिनं पंख्याची सगळी गोष्ट लिहिली. आपल्या चित्रपटात एकदा खोटा आवाज शिरला होता, हे तिनं आधी सांगितलं. कात्र्याशी कशी भांडले तेही. मग काकांची परवानगी घेऊन त्या खोलीतला मूळ आवाज, एक श्वासही न कापता, लोकांसमोर ठेवला. त्यात घरघर नाही, खूण नाही. लांबवर कुणीतरी भिंतीला छिद्र पाडतंय, काका थांबतात, नाक ओढतात आणि आपण होऊन बोलतात. शेजारी कात्र्यानं त्याचा पंखेवाला कट स्वतः आणून जोडला. दोन्ही ऐका, ती म्हणाली, आणि माफी लिहिणाऱ्यानं कुठलं ऐकून लिहिलं ते तुम्हीच ठरवा.

मास्तरांचं नाव तिनं घेतलं नाही. कानसेन त्यावरून तिच्याशी भांडली. चोराला पाठीशी घालायचं काय कारण? ठिणगीचं म्हणणं, कुणाच्या नावानं कबुली लिहायचा धंदा एकदा झाला तेवढा पुरे. त्यांचं त्यांनी लिहावं.

हॉलच्या व्यवस्थापकानं रविवारी सकाळी दारात उभं राहून आढेवेढे घेतले. ठिणगीनं त्याला शांतपणे सांगितलं की आम्ही आत दाखवू नाहीतर तुमच्या पायऱ्यांवर दाखवू, पण दाखवू. तोवर मागं माणसं जमली होती, आणि त्यांत मेलेल्या बायकांच्या घरची माणसं होती. व्यवस्थापक बाजूला झाला.

चित्रपट संपला आणि दिवे लागले. मालकाचा वकील पुढच्याच रांगेत होता. त्यानं छापून आणलेली माफी वर धरली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ठिणगी उठणार तेवढ्यात त्याच रांगेतून वॉचमनकाका उठले. ते मंचावर गेले नाहीत, माईक घेतला नाही. पण हॉल इतका गप्प झाला की पुटपुटणं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं.

"मला कुणी पढवलं असतं, साहेब, तर मला वाचवणारं काहीतरी पढवलं असतं. कुलूप मी लावलं, हे कुणी स्वतःच्या गळ्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून घालून घेतं का? मी लावलं. त्यांनी सांगितलं, मी लावलं. आता काय करायचं ते दोघांचं करा."

वकिलानं कागद खाली घेतला. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. कुणी घोषणा दिली नाही. वकील बाहेर पडेपर्यंत ती माणसं नुसती त्याच्याकडं बघत उभी राहिली.

अगदी शेवटच्या खुर्चीवर मास्तर बसले होते. कानसेननं त्यांना येताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठिणगीच्या दारात आले. ब्लॉग उघडत नाही, म्हणाले. पासवर्ड बदललाय का? ठिणगीनं शेजारी बसलेल्या कानसेनकडं बघितलं. कानसेननं खुर्ची ओढून संगणकापुढं लावली.

"लिहा," ती म्हणाली. "पण या वेळी स्वतःच्या नावानं."

त्यांनी लिहिलं. दोन बोटांनी, थांबत थांबत, आणि स्वतःला कुठंही सूट न देता. मालक घरी आल्यापासून डबे गाडीत चढेपर्यंत सगळं. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याची प्रत मागवून घेतली, आणि काकांचा जबाब पुन्हा नोंदवायचं ठरलं. मालकानं बेअब्रूची नोटीस पाठवली. ठिणगीनं ती ब्लॉगवर लावली आणि तिच्याखाली पुढच्या चार खेळांच्या जागा जाहीर केल्या.

मास्तर म्हणाले होते तेच झालं. सगळे डबे गोदामाच्या फाटकाबाहेर भर उन्हात टाकल्याचा फोन काकांच्या सोबत्यानं केला. कात्र्या स्टुडिओची गाडी घेऊन आला, ठिणगीचा नवरा, ठिणगी, कानसेन, सगळ्यांनी मिळून ते उचलले. मास्तर एकेक डबा पोटाशी धरून आणत होते आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. ठिणगी त्यांच्याशी बोलली नाही. पण एक डबा त्यांच्या हातून निसटायला लागला तेव्हा तिनं तो खालून धरला.

एवढं ठेवायचं कुठं, हा प्रश्न ब्लॉगच्या वाचकांनी सोडवला. लांबलांबच्या गावांहून ती एकांडी मंडळी आली. ज्याच्याकडं थंड तळघर होतं तो जास्त घेऊन गेला, ज्याच्याकडं नुसता फ्रीज होता त्यानं भाज्या काढून दोन ठेवले. मास्तरांनी तीस वर्षं एकाच भिंतीला लावून ठेवलेली माणसं दहा दिशांना गेली. आता ती एखाद्याच्या मेहेरबानीवर नव्हती, आणि एका घरातून सगळी बाहेर काढता येणार नव्हती.

कानसेननं आवाजाच्या फितींचा एक डबा घरी नेला. दुपारी खिडक्या लावून, जुनं यंत्र साफ करून तिनं पहिली फीत चढवली. आधी नुसती खरखर. मग कुठलंसं मशीन, खोकला, आणि एका बाईचा आवाज, जरा बुजलेला. बोलायला सुरुवात करण्याआधी ती विचारत होती, ऐकू येतंय ना हो?

कानसेननं हेडफोन कानावर घट्ट दाबला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"येतंय, बाई," ती म्हणाली. "सांगा."